आठवडाभर बोटीवर राहायचंय, मग बॅगेत नेमकं काय भरायचं?

मिरजेच्या एका जोडप्याचा प्रश्न आलाय. दोघांनी अंदमानला स्कूबा डायव्हिंगचा पहिला, म्हणजे ओपन वॉटर कोर्स केलाय आणि आता फेब्रुवारीत मालदीवची सात रात्रींची लिव्हअबोर्ड बुक केलीय, म्हणजे झोपायचं बोटीवर, जेवायचं बोटीवर आणि दिवसाला तीन डायव्ह. घरात दोन मोठ्या ट्रॉली बॅगा भरून झाल्यात तरी काहीतरी राहिलंय असं वाटतंय, तर काय न्यावं आणि काय नको, असं विचारलंय. मी सांगलीचीच, डायव्हिंग शिकवते, अशा बोटींवर माणसं घेऊन जाते, त्यामुळं जरा सविस्तरच सांगते.

पहिलं काम म्हणजे त्या दोन्ही ट्रॉल्या रिकाम्या करा. बोटीची केबिन म्हणजे दोन बेड, एक छोटं कपाट आणि मधे एक माणूस कसाबसा वळेल एवढी जागा. कडक बॅग बेडखाली जात नाही आणि मग आठवडाभर ती ओलांडून बाथरूमला जायचं, तेही बोट हलत असताना. मऊ डफल बॅग घ्या, रिकामी झाली की घडी घालून ठेवता येते. आपल्याकडून जायचं म्हणजे आधी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुंबई नाहीतर बेंगळुरू, मग विमान, मग विमानतळावरून छोट्या बोटीनं मोठ्या बोटीवर, एवढ्या वेळा ते ओझं तुम्हालाच उचलायचंय हे डोक्यात ठेवा. आणि बॅगेत टाकताना प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा, ही नसली तर माझा डायव्ह चुकेल का किंवा तब्येत बिघडेल का? उत्तर हो असेल तर घ्या, शक्य असेल तर दोन घ्या, कारण समुद्रात मेडिकल नाही आणि दुकान तर नाहीच. उत्तर नाही असेल तर ती वस्तू घरी ठेवा. ट्रॉल्या भरतात त्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या वस्तूंनी.

मास्कपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त रडारड त्यावरूनच होते. बीसीडी (हवा भरायचं जॅकेट), रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं यंत्र), फिन्स (पायात घालायचे पंख), वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट) हे सगळं बोटीवर भाड्यानं मिळतं, फक्त आधी साईज कळवून ठेवा, पण मास्क स्वतःचाच हवा. चेहरा प्रत्येकाचा वेगळा, तिथं उसनं चालत नाही. विकत घेताना पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर टेकवून नाकानं हळू श्वास आत ओढायचा, मास्क चिकटून राहिला पाहिजे, पडला तर तो तुमचा नाही, कितीही महागडा असो. मिशा असतील तर नाकाखालची पट्टी बारीक करा, नाहीतर तिथूनच पाणी आत येतं आणि डायव्हभर मास्क साफ करत बसावं लागतं. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचा मास्क मिळतो, तो करून घ्या, मासे धूसर बघायला एवढे पैसे कशाला घालवायचे.

आणि नवा मास्क घेतला की तो तसाच पाण्यात न्यायचा नाही. काचेवर कारखान्यातला एक पातळ थर असतो, तो गेला नाही तर वाफ धरत राहते. आतल्या बाजूनं साधी पांढरी टूथपेस्ट बोटानं चोळायची, जेलवाली नको, धुवायची, परत चोळायची, असं चार-पाच वेळा. आमच्या ग्रुपमधले एक गृहस्थ अगदी डबा फोडून नवा मास्क घालून उतरले होते, मालदीवच्या आरी अटॉलमधे (अटॉल म्हणजे प्रवाळ बेटांचं कडं) मांटा हे मोठे पसरट मासे जिथं अंग साफ करून घ्यायला येतात त्या जागी आम्ही तळाला गुडघे टेकून थांबलेलो, आणि मांटा आला तो बरोबर त्यांच्या डोक्यावरून, पंख असे पसरलेले की वरचा उजेडच झाकला गेला. ते मात्र मान खाली घालून मास्कमधे पाणी घे, सोड, परत घे, एवढंच करत होते, काच पांढरीधोप. वर आल्यावर बोलले नाहीत कुणाशी बराच वेळ. मला आजही त्यांच्यासाठी वाईट वाटतं. तेव्हा टूथपेस्ट घरीच चोळा आणि सोबत बेबी शॅम्पूची छोटी बाटली ठेवा, थोडं पाणी घालून डायव्हआधी काचेला आतून लावायचं आणि हलकं विसळायचं. मास्क कडक डब्यात घालून केबिन बॅगेत, चेक-इनमधे नाही. आणि दोघांत मिळून एक जादा मास्क घ्या.

मास्कनंतर डायव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळ मोजणारं मनगटावरचं यंत्र, प्रत्येकाला वेगळा. नवरा-बायकोत एक चालत नाही, दोघंजण एका खोलीवर कधीच नसतात. आपला नसेल तर भाड्यानं घ्या, पण आधी बुक करा आणि त्याची बटणं शिकून घ्या. त्यानंतर एसएमबी, म्हणजे वर येताना फुगवून पाण्याच्या वर सोडायची ती लांब नारिंगी नळी, सोबत दोरीचं रील. मालदीवमधे चॅनेलच्या, म्हणजे अटॉलच्या कड्यातल्या पाण्याच्या वाटेच्या तोंडाशी करंट (प्रवाह) जोरात असतो, तुम्ही उतरता एका जागी आणि वर येता भलत्याच जागी, आणि तुम्हाला उचलायला येणाऱ्या धोणीवाल्याला (धोणी म्हणजे तिथली छोटी बोट) लाटांमधे तुमचं काळं डोकं दिसत नाही, नारिंगी नळी दिसते. यात काटकसर करू नका. बीसीडीला बहुधा एक शिट्टी असते, नसेल तर बांधा. नाईट डायव्हसाठी टॉर्च, विमानात बसताना त्याचा सेल बाहेर काढून ठेवायचा. चाकूबिकू काही लागत नाही.

वेटसूटबद्दल लोक म्हणतात पाणी २८ डिग्री आहे, गरम आहे, कशाला? पहिल्या दिवशी खरंच वाटत नाही. पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटीनं भराभर ओढून घेतं आणि दिवसाला तीन डायव्ह चार-पाच दिवस चालले की तिसऱ्या दिवसापासून दात वाजायला लागतात. ३ मिमीचा फुल सूट पुरतो. ताईंसाठी मुद्दाम सांगते, भाड्याचे सूट बऱ्याचदा पुरुषांच्या मापाचे असतात, कमरेत ढगळ आणि छातीत घट्ट, त्यातून गार पाणी खेळत राहतं, त्यामुळं दोघांत एकच सूट विकत घ्यायचा झाला तर तुमचा घ्या. केस लांब असतील तर घट्ट वेणी आणि वरून कापडी बफ, आणि डायव्हच्या दिवशी डोक्याला तेल नको, मास्कच्या कडेला लागलं की तो घसरतो. मंगळसूत्र, अंगठ्या, पैंजण सगळं घरी. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी सुटली कळतही नाही, खाली गेली की गेली. पाळीच्या तारखा येत असतील तर पाळीत डायव्ह करायला हरकत नसते, कप किंवा टॅम्पॉन जे वापरता ते पुरेसं न्या, आणि जे वापराल ते बोटीच्या संडासात टाकायचं नाही, तुंबला की सगळ्या बोटीची पंचाईत, कागदी पिशव्या जवळ ठेवा.

आता औषधं, यावर मी जास्त वेळ घालवणार आहे कारण ट्रिप वाया जाते ती यामुळंच.

बोट लागणं. तुम्ही म्हणाल आम्हाला एसटीत कधी लागत नाही, पण आंबा घाटातली वळणं वेगळी आणि रात्री अटॉल ओलांडताना आडव्या लाटेवर डुलणारी बोट वेगळी. ॲव्होमिनसारख्या गोळ्या आपल्याकडं सगळीकडं मिळतात, पण डॉक्टरांना विचारून, आणि मुख्य म्हणजे घरी एका सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा. त्यानं काहींना एवढी झोप येते की दिवसभर डोळे उघडत नाहीत, तसं होत असेल तर ती घेऊन पाण्यात उतरणं धोक्याचं, दुसरी विचारून घ्या. गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहतच नाही. आलेपाकाच्या वड्या मात्र ढीगभर न्या, माझ्या अनुभवात थोडी मळमळ असेल तर बऱ्यापैकी आराम पडतो आणि झोप येत नाही. आणि मळमळलं की केबिनमधे जाऊन झोपू नका, वर डेकवर मोकळ्या हवेत या, लांब क्षितिजाकडं बघत बसा.

कान. आठवडाभर कान ओले राहिले की बाहेरच्या नळीत इन्फेक्शन होतं, गिळताना, चावताना, उशीवर टेकताना सुद्धा ठणका, आणि मग उरलेले सगळे डायव्ह बंद. प्रत्येक डायव्हनंतर गोड्या पाण्यानं कान धुवायचे, मान तिरकी करून पाणी काढायचं, पंच्याच्या टोकानं बाहेरूनच टिपायचं. इअरबड घालायचा नाही म्हणजे नाही, त्यानं आतली कातडी खरवडते आणि तिथूनच सुरू होतं. जायच्या आधी सांगलीमिरजेत कुठल्याही ईएनटी डॉक्टरांना एकदा कान दाखवा, मिरजेत तर डॉक्टरांना तोटा नाही, पडदा नीट आहे ना बघून घ्या आणि कान कोरडे ठेवायचे ड्रॉप्स त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पडद्याला भोक असेल तर ड्रॉप्स तर नाहीच, डायव्हिंगही नाही. सर्दी झाली असेल तर नाक मोकळं करायची गोळी खाऊन उतरायचा मोह टाळा, गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना हवा अडकते आणि ते फार वाईट दुखतं.

बाकी नेहमीचं, ओआरएसची पाकिटं भरपूर कारण उन्हात आणि टाकीतली कोरडी हवा ओढून पाणी कमी होतंच, पॅरासिटॅमॉल, जुलाबाची गोळी, ॲलर्जीची गोळी, पाण्यात टिकणाऱ्या पट्ट्या, जंतुनाशक मलम, जांघेत नि बोटांत लावायची अँटीफंगल पावडर. बीपीची वगैरे रोजची गोळी असेल तर दोन-तीन दिवसांची जादा, मूळ स्ट्रिपमधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि सगळी केबिन बॅगेत. मलेरियाची काळजी नको, मालदीव मलेरियामुक्त असल्याचं डब्ल्यूएचओनं २०१५ मधे जाहीर केलंय, पण डेंग्यूचे डास आहेत, बेटावर संध्याकाळी उतरलात तर ओडोमॉस लावा.

कपडे मात्र कमी. खरंच कमी. बोटीवर चढताना चपला एका टोपलीत जातात त्या उतरताना परत मिळतात, सगळे अनवाणीच. दोन-तीन स्विमसूट, चार टीशर्ट, दोन शॉर्ट, एक फुल बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टीशर्ट), एक हुडी कारण नाईट डायव्हनंतर ओल्या अंगानं धोणीवर वारा लागतो आणि केबिनमधे एसी असतो. टॉवेल बोट देते, तरी दोन पंचे घ्याच. जाड टॉवेल खाऱ्या हवेत दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो, पंचा अर्ध्या तासात खणखणीत वाळतो, अंग पुसायला, डोक्याला गुंडाळायला, लुंगीसारखा नेसून कपडे बदलायला, सगळ्याला चालतो. आणि कपड्यांचे चिमटे न्या, डझनभर, मजबूत. दोरीवर टाकलेलं काहीही चिमट्याशिवाय राहत नाही, वाऱ्यावर निघून जातं समुद्रात. भाजीची जाळीची पिशवी ओल्या सामानाला झकास. दोघांचाही गुडघ्याखाली जाणारा, खांदे झाकणारा एकेक जोड हवा, मालेमधे किंवा वस्तीच्या बेटावर फिरताना तसं नेसून जायचं, तो मुस्लिम देश आहे, बिकिनी तिथं ठरवून दिलेल्या बीचवरच चालते.

ऊन. रॅशगार्ड आणि टोपी जितकं काम करतात तितकं क्रीम करत नाही. क्रीम घेतलंच तर झिंक ऑक्साइडचं घ्या. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेली सनस्क्रीन पलाऊनं २०२० पासून, हवाईनं २०२१ पासून बंद केलीत आणि थायलंडनंही २०२१ मधे मरीन पार्कात मनाई केली, प्रवाळाला त्रास होतो म्हणून. आता मालदीवचं प्रवाळ मेलं ते मुख्यतः १९९८ आणि २०१६ ला पाणी तापल्यामुळं, आपल्या क्रीममुळं नाही, हे खरं आहे. पण जे आधीच अर्धमेलं झालंय त्यावर आपण अजून काही का ओतायचं, असं मला मनापासून वाटतं.

कस्टमचं नीट ऐका. दारू नेता येत नाही, ड्यूटी फ्रीची सुद्धा, ती विमानतळावर काढून ठेवतात. पोर्क नाही. व्हेप भारतातही नाही आणि तिथंही नाही. आणि पूजेच्या मूर्तीही त्यांच्या मनाईच्या यादीत आहेत, त्यामुळं प्रवासाला निघताना आई बॅगेत गणपतीची छोटी मूर्ती घालते ती प्रेमानं परत देवघरात ठेवायला सांगा, दर्शन मोबाईलमधल्या फोटोचं घ्या. येताना शंख, प्रवाळाचा तुकडा काही उचलून आणायचं नाही, तेही बेकायदा आहे. अजून एक, काही जण परदेशी व्हिडिओ बघून सॅटेलाइट मेसेंजर मागवतात, भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसं यंत्र बाळगणं गुन्हा आहे, मुंबई विमानतळावरच अडकाल. नको ते.

पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इनमधे टाकली तर बॅग उघडायला बोलावतात. मर्यादा १०० वॅट-अवरची, २०,००० एमएएचची साधी पॉवर बँक ७४ च्या आसपास येते, म्हणजे चालते, आकडा छापलेला दिसला पाहिजे. सॉकेट तिथं चौकोनी तीन पिनांचे जास्त असतात, युनिव्हर्सल ॲडॉप्टर एक पुरे. पण चार्जिंग केबिनमधे रात्री झोपताना लावून ठेवायचं नाही, बोटीवर चार्जिंगची एक सगळ्यांची जागा असते तिथंच, जागे असताना. कॅलिफोर्नियात २ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कन्सेप्शन नावाच्या डायव्ह बोटीला आग लागली आणि खालच्या मजल्यावर झोपलेली ३४ माणसं गेली. आगीचं नेमकं कारण सिद्ध झालं नाही पण रात्री कुणी पहाऱ्यावर नव्हतं हे चौकशीत आलं. तेव्हा बोटीवर पोचलात की पहिल्या संध्याकाळी, चहा घ्यायच्या आधी, आपल्या केबिनमधून बाहेर पडायची दुसरी वाट कुठली ते स्वतः चालून बघा, लाइफ जॅकेट कुठं आहे बघा, आणि डोक्याला बांधायची छोटी टॉर्च उशाशी ठेवा. रात्री पहाऱ्याला कोण असतं हे क्रूला सरळ विचारा, चांगल्या बोटीवर कुणाला राग येत नाही.

खायचं फार नेऊ नका, जेवण भरपूर असतं, पण सगळं टूनाभोवती फिरतं, शाकाहारी असाल तर बुकिंगलाच कळवा. आपले बेदाणे न्या, चॉकलेटसारखे वितळत नाहीत आणि दोन डायव्हच्या मधे मूठभर खाल्ले की तरतरी येते. शेंगदाण्याची कोरडी चटणी, एखादं भडंगाचं पाकीट डेकवर सगळ्यांना वाटायला. तेलाचं लोणचं नको, विमानात फुटलं की वेटसूटला सहा महिने वास.

पैसे डॉलरमधे, स्वच्छ आणि लहान नोटा. ग्रीन टॅक्स (पर्यटकांवरचा कर), भाड्याचं सामान आणि क्रूची टीप बिलात धरलंय का ते आत्ताच मेल करून विचारा. व्हिसा तिथं उतरल्यावर फुकट मिळतो, पण इमुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा असतो. पासपोर्ट, हॉटेल नाही तर बोटीचं बुकिंग, परतीचं तिकीट आणि डायव्हिंगचं कार्ड यांचे प्रिंट घ्या, बोटीवर नेट भरवशाचं नसतं. घरच्यांना सांगून ठेवा की मधे एखादा दिवस फोन लागणार नाही, नाहीतर इकडं सगळ्यांचा जीव टांगणीला.

इन्शुरन्स डायव्हिंगचा वेगळा काढा, डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेसारखा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्कूबा बऱ्याचदा वगळलेलं असतं किंवा खोलीची अट असते, आणि डीकम्प्रेशनचा त्रास (दाब कमी होताना शरीरात साठलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होणं) झाला तर उपचाराला लागणारं दाबाचं चेंबर बंडोससारख्या मोजक्याच बेटांवर आहे, तिथवर नेण्याचा आणि उपचाराचा खर्च कंबरडं मोडणारा असतो.

कार्डाचंही बघा. तुमचं ओपन वॉटर म्हणजे १८ मीटरपर्यंत, मालदीवमधे कायद्यानं मर्यादा ३० मीटरची आहे आणि चॅनेलचे चांगले डायव्ह त्या दोन्हीच्या मधे असतात. बऱ्याच बोटी पुढच्या कोर्सचं, म्हणजे ॲडव्हान्स कार्ड आणि ठरावीक डायव्ह मागतात. बोटवाल्यांना विचारा, आणि अजून वेळ आहे तर तारकर्लीला जाऊन पाणी अंगवळणी पाडून या, सगळं नवं सामान तिथं वापरून बघा. त्याआधी मास्क तर कुठल्याही विहिरीत नाहीतर स्विमिंग टँकमधे तपासता येतो. फक्त तारकर्लीहून डायव्ह करून त्याच संध्याकाळी गाडी काढून घाट चढू नका. आंबोली साधारण ६९० मीटर आहे, गगनबावड्याकडूनही तसंच वर चढावं लागतं, आणि ३०० मीटरच्या वर गेलं की शरीरातल्या नायट्रोजनच्या हिशोबानं ती उंचीच. मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी आरामात निघा. मालदीवहून परततानाही शेवटच्या डायव्हनंतर विमानाला किमान १८ तास, मी २४ च धरायला लावते, तिकीट काढताना हे जुळतंय का बघा. तो रिकामा दिवस सामान गोड्या पाण्यात धुवायला आणि वाळवायला उपयोगी पडतो, ओला वेटसूट बॅगेचं वजन चांगलंच वाढवतो.

आणि सगळ्यात आधी मेडिकल फॉर्म मागवून घ्या. त्यात दमा, कानाचं ऑपरेशन, बीपी, शुगर असे प्रश्न असतात, काही प्रश्नांना एक जरी हो आलं तर डॉक्टरांची सही लागते आणि ती बोटीवर मिळत नाही, सहीशिवाय ते पाण्यात सोडत नाहीत. खोटं नाही लिहायचं, कानाचं तर अजिबात नाही. या आठवड्यात तो भरा, कुठं हो आलं तर मला सांगा, कुठल्या डॉक्टरांना काय विचारायचं ते मी लिहून देते.